कॉफीची धार मंदावली तर

आहेरात आलेले कॅप्सूलचे कॉफीयंत्र वर्षभरात थेंबथेंब कॉफी देऊ लागले, की ते अडगळीत जाते. सावनेर परिसरात ज्यांच्या घरी बोअरचे पाणी वापरले जाते, त्यांनी आधी त्या पाण्याचा विचार करावा.

आपण पाणी गाळूनच वापरतो. परंतु वस्त्रगाळणीत अडकतो तो गाळ. विरघळलेले क्षार तिच्यातून निसटतात आणि पाणी तापताच हीटरच्या नळीत थर धरतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्यास योग्य पाणीही यंत्रास जड जाऊ शकते.

प्रथम कॅप्सूल न घालता यंत्र चालवावे. धार भरघोस आली, तर दोष बहुधा कॅप्सूलचा. ती क्षीण असेल, तर सुईच्या छिद्रात पुडी अडकली असू शकते. प्लग काढून, यंत्र निवल्यावर ते छिद्र बारीक टाचणीने मोकळे करावे. धार तरीही क्षीणच असेल, तर क्षार काढावेत. माहितीपत्रकात वेगळी सूचना नसल्यास एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम लिंबूसत विरघळवून अर्धे पाणी यंत्रातून सोडावे, वीस मिनिटे थांबून उरलेले सोडावे. मग दोन टाक्या स्वच्छ पाणी सोडावे.

टाकीत पाणी रात्रभर साचू देऊ नये. रोज ताजे गाळून भरावे. दुकानातील तराजूप्रमाणे या यंत्राचीही वेळोवेळी तपासणी झाली, तर नव्याचा खर्च टळतो.