संध्याकाळी सातला सगळ्यांनाच वीज पाहिजे. मग थोडं मागं कोण सरकणार?

परवा सव्वासातला आमच्या भागातला फीडर पुन्हा गेला. आठवड्यात तिसऱ्यांदा. ग्रुपवर नेहमीचं सुरू झालं. 'लाईट गेली का?' 'आमच्याकडं पण नाही.' 'वायरमन फोन उचलत नाही.' शेजारची पोरगी बारावीला आहे. ती पुस्तक घेऊन पायरीवर येऊन बसली.

मी गाडी काढली आणि सबस्टेशनला गेलो. तिथला ऑपरेटर घामाघूम झाला होता. म्हणाला, "दादा, दुपारी दोनला येऊन बघा, लोड निम्मा पण नसतोय. संध्याकाळी सहा ते दहा मात्र काटा टोकाला. मी काय करू?"

त्याचं खरं आहे. आपल्याला वाटतं वीजच कमी पडते. बऱ्याचदा वीज असते, पण ती आणणारी वाट अरुंद पडते. बाजाराच्या दिवशी गावातला रस्ता तुंबतो, तसंच. रस्ता आठवडाभर मोकळा असतो, पण सगळे एकाच वेळी एकाच चौकात येतात. सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरला आणि तारांना ठराविक भार पेलतो. त्यापुढं गेलं की फीडर ट्रिप होतो, नाहीतर डीपी जळतो.

आता तर गंमतच झाली आहे. सौर वीज वाढल्यानं दुपारी वीज उदंड आणि सूर्य मावळला की ओढाताण. राजस्थानात तर वाहून न्यायला लाईन नाहीत म्हणून सौर प्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करायला लावलं जातं. म्हणजे दुपारची स्वस्त वीज वाया आणि संध्याकाळी आपण अंधारात.

"मग नवीन सबस्टेशन बांधा की!" बांधायलाच पाहिजे. पण जागा, मंजुरी, टेंडर यात वर्षं जातात. शिवाय दिवसातल्या चार तासांसाठी बांधलेल्या सबस्टेशनचा खर्च शेवटी आपल्याच बिलात येतो. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशातही ग्रिड तुंबल्यामुळं हजारो उद्योग जोडणीच्या रांगेत उभे आहेत. तिथंही आता कारखान्यांना सांगतात, गर्दीच्या वेळी वापर कमी करा, त्याचे पैसे घ्या.

आपल्याकडं कुणी म्हणेल, वेळ बदलून वीज वापरणं आम्हाला जमणार नाही. त्यांना मी शेतकऱ्याकडं बोट दाखवतो. कितीतरी वर्षं आपला शेतकरी ग्रिडच्या सोयीनं पाणी देतोय. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थंडीत, चिखलात, साप-बिबट्याच्या भीतीत तो मोटर चालू करायला जातोय. राज्याचं ग्रिड सावरायला त्यानं झोप मोडली, आणि त्याला कुणी 'लवचिक ग्राहक' म्हणून सत्कार केला नाही. सौर कृषी वाहिनीमुळं आता त्याला दिवसा वीज मिळायला लागली आहे, हे चांगलंच आहे. पण आता थोडी पाळी इतरांची आहे.

आणि उद्योगांना झोप मोडायचीच नाही. उलट दिवसा काम करायचं आहे.

आमच्या तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याची शीतगृहं भरपूर. शीतगृह म्हणजे थंडीची टाकीच. भिंतींना चांगलं इन्सुलेशन असेल तर दुपारी कॉम्प्रेसर जोरात चालवून तापमान एक-दोन अंश खाली नेता येतं आणि संध्याकाळी काही तास कॉम्प्रेसर जवळपास बंद ठेवता येतो. माल खराब होत नाही, फक्त दारं सारखी उघडायची नाहीत. दूध संकलन संध्याकाळीच होणार, गाईला काय घड्याळ कळतं! पण आईस बँक टाकीत दुपारी बर्फ करून ठेवला तर संध्याकाळचं दूध त्या थंडीवर गार होतं. बर्फ कारखान्यालाही हे सोपं. नगरपालिकेनं उंच टाकी दुपारी भरली तर संध्याकाळी पाणी उतारानंच येतं, पंप लावावा लागत नाही.

यात पैसेही आहेत. 2023 मध्ये केंद्रानं ग्राहक हक्क नियम बदलले. 10 किलोवॅटच्या वरच्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना 1 एप्रिल 2024 पासून सूर्यप्रकाशाच्या तासांत दर किमान 20 टक्के कमी आणि मागणीच्या तासांत किमान 20 टक्के जास्त असावा, असं त्यात आहे. आपल्या राज्यातही सवलतीचा वेळ रात्रीकडून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचकडं आणला गेला. समजा एका शीतगृहानं रोज 50 किलोवॅटचा भार चार तास सरकवला आणि युनिटमागं अडीच रुपये फरक पडला. 200 युनिटचे रोज 500 रुपये, महिन्याला 15 हजार. एका कामगाराचा पगार निघाला की!

पण दुसरी बाजूही ऐका. यंत्रमागवाला मित्र म्हणाला, "माग बंद म्हणजे कामगाराची मजुरी बंद. मी कसा सरकवू?" बरोबर आहे. त्याच्याकडून ही अपेक्षा करूच नये. फाउंड्रीवाल्यांचा राग तर मला पटतो. रात्री दहा ते सहा युनिटला दीड रुपया सवलत म्हणून त्यांनी भट्ट्या रात्रीवर नेल्या, माणसं तशी लावली. आता म्हणायचं दिवसा या! उद्या बॅटऱ्या आल्या की पुन्हा वेळ बदलणार का? उद्योगाला वेळ बदलायला सांगायचं असेल तर निदान पाच वर्षं तो वेळ पक्का ठेवा. नाहीतर टाकी आणि इन्सुलेशनवर कोण खर्च करेल?

हे आपल्याकडं नवीन नाही. 2006 मध्ये राज्यभर लोडशेडिंग असताना पुण्यातल्या उद्योगांनी सीआयआयच्या पुढाकारानं गर्दीच्या तासांत स्वतःचे जनरेटर चालवले, तेवढी ग्रिडची वीज शहराला सोडली आणि पुणं भारनियमनातून सुटलं. वीज नियामक आयोगानं त्याला परवानगी दिली, जादा खर्च ग्राहकांनी थोडा थोडा उचलला. तेव्हा डिझेल जाळावं लागलं. आता फक्त घड्याळ बघायचं आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. एमआयडीसी असोसिएशन, शीतगृहवाले, दूध संघ आणि वीज कंपनीचे अभियंते यांनी एकदा एका टेबलाला बसावं. कुठला फीडर कधी तुंबतो, हे कंपनीनं खुलेपणानं सांगावं. कोण किती सरकवू शकतो, हे उद्योगांनी सांगावं. ज्याला जमत नाही त्याच्यावर जबरदस्ती नको. आणि जो सरकवेल त्याला फायदा बिलात स्पष्ट दिसला पाहिजे, नुसतं आभाराचं पत्र नको.

दहा-बारा मोठे ग्राहक सहा ते दहा जरी थोडे मागं सरकले, तरी आमचा फीडर वाचू शकतो. मग त्या पोरीला पायरीवर बसावं लागणार नाही.

तुमचा कारखाना, शीतगृह, डेअरी असेल तर या महिन्याच्या बिलात झोनवार युनिट बघा. संध्याकाळचं किती आहे, त्यातलं किती दुपारी जाऊ शकतं? कमेंटमध्ये लिहा. नाही जमत असेल तर का, तेही लिहा. बैठक लावायची जबाबदारी माझी.