कोण म्हणतं ख्रिस्ती माणसाने रडू नये?

तळेगाव, चाकण, भोसरी या पट्ट्यात रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थनासभा भरतात. तिथे साक्ष द्यायची पद्धत आहे. अमक्याला कंपनीने कायम केलं, तमक्याचं होमलोन मंजूर झालं, तिसरीच्या पोराचा ताप उतरला. प्रत्येक साक्षीनंतर टाळ्या आणि हालेलूया. या साक्षींशी माझं भांडण नाही. नोकरी लागल्यावर देवाचे आभार मानायचे नाहीत तर कधी मानायचे? भांडण आहे ते त्यातून नकळत निघणाऱ्या निष्कर्षाशी. देव प्रसन्न असला की माणूस आनंदात असतो. म्हणून जो आनंदात दिसत नाही त्याच्या विश्वासातच खोट असणार. असं मंचावरून कुणी उघड म्हणत नाही. पण काम सुटलेला माणूस आधी मागच्या रांगेत बसू लागतो आणि मग यायचाच बंद होतो. त्याला ते न बोलताच कळलेलं असतं.

डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं. २००८ साली सुरू झालेला कारखाना, हजाराहून अधिक कामगारांचा रोजगार. पुढे ह्युंदाईने तो विकत घेतला. मधल्या काळात घराचे हप्ते मात्र कुणासाठी थांबले नाहीत. अशा घरात जाऊन पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र उघडायचं आणि ‘बघा, पौल तुरुंगात असूनही आनंद करा म्हणतो, मग तुम्हाला काय झालं?’ असं विचारायचं, हा मला क्रूरपणा वाटतो. शिवाय ते पत्राचं चुकीचं वाचन आहे.

पत्र चारच अध्यायांचं आहे, सगळं वाचावं. आनंदाचा उल्लेख त्यात पुन्हापुन्हा येतो हे खरं. पण त्याच पत्रात एपफ्रदीत नावाचा सहकारी मरणाच्या दारातून परत आल्याचं पौल सांगतो आणि कबूल करतो की तो गेला असता तर आपल्यावर दुःखावर दुःख कोसळलं असतं. पुढे काही लोकांविषयी लिहिताना तो रडत लिहितो, आणि तेही लपवत नाही. मग हा आनंद कशाचा? पत्रात तो जिथे जिथे येतो तिथे बहुतेक वेळा माणसं असतात: प्रार्थनेत आठवणारी मंडळी, बरा होऊन गावी परतणारा मित्र, अडचणीच्या वेळी फिलिप्पैहून आलेली मदत. स्वतःची सुटका होईल की मरण येईल, हे पौलाला ठाऊक नाही. तरी ख्रिस्ताशी आणि या माणसांशी असलेलं नातं कैदेने तुटलेलं नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक आहे. ख्रिस्ती आनंदाचा पाया तो हा. परिस्थिती सुधारल्याची ती पावती नव्हे, आणि चेहऱ्यावर आणायचा भावही नव्हे.

खुद्द येशू लाजराच्या कबरीपाशी रडला. थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार, हे ठाऊक असताना रडला! वधस्तंभावर त्याने जी आर्त हाक मारली ती बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभातली. आणि दीडशे स्तोत्रांतला मोठा वाटा अशा विलापांचाच आहे. ते ज्या मंडळीत कधी वाचलेच जात नाहीत, तिथे आनंदाचं शिक्षण अर्धंच होतं.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो, आणि तो जास्त दमदार आहे: हा आनंद म्हणजे अफू, सोसणाऱ्याला गप्प बसवण्याची सोय. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पुढच्या जगातल्या सुखाचा हवाला देऊन या जगातला अन्याय गिळायला लावणारी प्रवचनं झाली आहेत, आजही होतात. पण आक्षेप घेणाऱ्याने एकदा केडगावकडे पाहावं. आईवडील दुष्काळात गमावलेल्या, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत विधवा झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या बायकामुलींना आणून त्यांना तिथे आसरा दिला. त्यांच्या तिथल्या मुक्ती सदनात १९०५ साली जे धार्मिक पुनरुज्जीवन झालं, त्यात मुली आधी ओक्साबोक्शी रडल्या आणि मग हर्षाने गाऊ लागल्या. याच सदनात विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला, अंध मुलींना वाचायला शिकवलं गेलं. अफू घेतलेली माणसं विहिरी खोदत नाहीत. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराला जुंपून राहिल्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, तोवर. त्यांना त्या दिवसांत ‘आनंदी’ म्हणायचं की नाही, याचा निवाडा करायला मी धजणार नाही. त्यांचं दुःख कमी होतं असं म्हणणाऱ्याने मात्र आधी आपलं दुःख मोजावं.

तिसरा पक्ष गंभीर चेहऱ्याच्या धार्मिकांचा. हसणं म्हणजे थिल्लरपणा, असं मानणाऱ्यांना काना गावच्या लग्नाची आठवण करून दिली की पुरे. येशूवर खादाडपणाचा आरोप विरोधकांनी केला होता. सुतकी चेहऱ्याचा कुणी केला नाही.

मराठी माणसाला तर हा आनंद परका वाटायचं कारणच नाही. तळेगावहून चाकणकडे जाताना भंडारा डोंगर लागतो. दुष्काळात बायको गेलेला, दिवाळं निघालेला तुकाराम इथे येऊन चिंतन करी. त्याने विठ्ठलाशी कडाकडा भांडणं केली, तरी तो आनंदाला मुकला असं कुठला वारकरी म्हणेल? नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, ते उगीच नव्हे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचा संसार काही वर्षं मोडून पडला होता. त्या टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला भजन आणि कीर्तन दिलं. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी? ताटातूट, बहिष्कार, उपासमार हे सगळं ‘स्मृतिचित्रे’त असं लिहिलं की वाचणारा हसता हसता डोळे पुसतो. ख्रिस्ती आनंदावर मराठीत निघालेल्या कुठल्याही प्रवचनापेक्षा मला ते पुस्तक जास्त खरं वाटतं. त्या दुःख नाकारत नाहीत, त्याच्या फजितीसकट ते सांगून टाकतात.

म्हणून साक्षीच्या पद्धतीत एक बदल व्हावा असं माझं म्हणणं आहे. ज्याचं काम सुटलं आहे त्यालाही माइक द्या. पण त्याच्या हकिगतीच्या शेवटी देवाने केलेला चमत्कार असलाच पाहिजे, ही अट काढून टाका. ‘तीन महिने झाले, अजून काही लागलं नाही,’ एवढंच बोलून तो खाली बसला तरी ती साक्षच आहे. मग पौलाच्या पत्राचा चौथा अध्याय काढावा. प्रवचनात त्याचा आधीचा भाग येतो आणि शेवट राहून जातो. त्या शेवटात फिलिप्पैकरांनी पाठवलेल्या मदतीची पोच आहे. ती वाचून झाल्यावर शिल्लक अर्पणातून त्या घरची शाळेची फी भरायची की किराणा, याची चर्चा त्याच रविवारी, त्याच हॉलमध्ये करता येईल.