यंत्राची बातमी आणि यंत्रापाशी उभा असलेला माणूस

1 जानेवारी 1896 रोजी जर्मनीतील वुर्ट्सबर्ग शहरात प्रा. राँटगेन यांनी काही पाकिटे टपालात टाकली. त्यांत त्यांच्या नव्या शोधनिबंधाच्या प्रती होत्या. काहींसोबत हाताच्या हाडांचे छायाचित्रही होते. एक पाकीट व्हिएन्नाला प्रा. एक्सनर यांना मिळाले. त्यांनी ते घरी जमलेल्या मंडळींना दाखविले. त्यांत एका संपादकाचा मुलगा होता. रविवार, 5 जानेवारीला 'डी प्रेसे' या दैनिकाच्या पहिल्या पानावर बातमी आली आणि तेथून तारेने लंडनला व जगभर गेली. म्हणजे क्ष-किरणांची पहिली बातमी वाहून नेली ती टपाल आणि तार कामगारांनी. आमच्या टपाल खात्यातील वाचकांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

घाईगर्दीत लंडनच्या एका वृत्तपत्राने शोधकर्त्याचे नावच चुकीचे छापले. मात्र मोडलेले हाड किंवा शरीरात रुतलेली गोळी शोधण्यास या किरणांचा उपयोग होईल, हे व्हिएन्नाच्या बातमीत त्याच दिवशी लिहिलेले होते. बातमीदार व संपादक किती दूरवर पाहू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

पण यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे ही नजर लवकर वळली नाही. कातडी भाजल्याच्या, केस गळल्याच्या तक्रारी 1896 सालीच छापून आल्या, तरी काम पूर्वीसारखेच चालू राहिले. अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरन्स डॅली हा काचकाम जाणणारा सहाय्यक क्ष-किरणांच्या नळ्यांवर काम करीत असे. त्याचे हात कापावे लागले आणि 1904 साली, अवघ्या 39व्या वर्षी तो मेला. यंत्राची बातमी चार दिवसांत छापली गेली. डॅलीची गोष्ट जगाला कळली तेव्हा त्याला वाचविण्याची वेळ निघून गेली होती.

संपादकाने मनावर घेतले तर काय होते, तेही इतिहासात आहे. न्यू जर्सीतील ऑरेंज येथे घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवायला शिकविले जाई. रेडियम हाडांत भिनले, जबडे सडले. पाच जणींनी दावा केला, तेव्हा 1928 साली सुनावणी वसंतातून एकदम सप्टेंबरवर ढकलण्यात आली. इतके महिने त्या जगतील की नाही, हीच शंका होती. कामगारांच्या रोगांच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'चे वॉल्टर लिपमन यांच्याकडे धाव घेतली. लिपमन यांनी अग्रलेखांतून त्या विलंबावर कोरडे ओढले. जूनमध्येच तडजोड झाली : प्रत्येकीस रोख 10,000 डॉलर, वर्षाला 600 डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. हा न्याय पुरा नव्हता. कंपनीने दोष कबूल केला नाही. तरीही लेखणीविना एवढेही त्या मुलींच्या जिवंतपणी हाती पडले असते, असे आम्हांस वाटत नाही.

आज या विषयाची बातमी कोण लिहितो? दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस शिकागो येथे क्ष-किरणतज्ज्ञांचे मोठे अधिवेशन भरते. शेजारीच यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांचे प्रदर्शन असते. बातमीदार दोन्हीकडे फिरतो. त्याच्या हाती कंपनीचे छापील निवेदन तयारच असते आणि त्याच्या पत्राला जाहिराती त्याच कंपन्यांच्या मिळतात. तोही पगारावर जगणारा माणूस आहे. आमचा रोख त्याच्यावर नाही. ते निवेदन जसेच्या तसे छापायला लावणाऱ्या व्यवस्थेवर आहे. चांगला संपादक मात्र अडून विचारतो : ही तपासणी किती रुग्णांवर केली? पैसा कोणाचा? ज्या रुग्णालयात यंत्र घडले त्याच्या बाहेर ते चालते काय? आणि यंत्र चालविणाऱ्याचे काय?

असे प्रश्न न विचारल्याची किंमत काय असते पाहा. 2016 साली संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन टोरांटो येथे म्हणाले की, क्ष-किरणतज्ज्ञ घडविणे आता थांबवावे. पाच, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल. हे वाक्य जगभर फिरले. पाच वर्षे सरली. तज्ज्ञ कामावर आहेत, उलट अनेक देशांत ते कमीच पडत आहेत. 2025 साली हिंटन यांनीही आपण फार सरसकट बोललो हे मान्य केले. पण मूळ वाक्य जितके गाजले तितकी ही कबुली गाजली नाही. 'यंत्र आले, माणूस नको' ही हाकाटी रेल्वे व टपाल कामगारांना काही नवी नाही. यंत्राला आमचा विरोध नाही. छाती तपासून क्षय लवकर हुडकणारे यंत्र गरिबाच्या कामाचेच आहे. पण जाहिरातीच्या जोरावर जागा गोठवायला आमचा विरोध राहील.

रेल्वेच्या रुग्णालयांतही एक्स-रे विभाग आहेत. तेथील कर्मचारी छातीवर टी.एल.डी. बिल्ला लावतो आणि तो दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो. किरणांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 अशी आहे. तुमच्या रुग्णालयात प्रत्येकाला बिल्ला मिळतो काय? काम ठेक्यावर दिले असेल तर ठेक्याच्या माणसालाही मिळतो काय? तपासणीचा अहवाल त्याला दाखवितात काय?

शिकागोला जाण्याची ऐपत आमच्या या छोट्या पत्राची नाही. पण वरील प्रश्नांची उत्तरे भुसावळ, नागपूर, भोपाळ किंवा खरगपूर येथून आमचे वाचक एका पोस्टकार्डावर लिहून पाठवू शकतात. ती आम्ही छापू, आणि लिहिणाऱ्याचे नाव त्याच्या इच्छेविना बाहेर जाऊ देणार नाही. क्ष-किरणांची पहिली बातमी टपालाने निघाली होती. त्यांच्याजवळ राबणाऱ्या माणसाची बातमीही टपालानेच येऊ द्या.