भांडणाचं इंग्रजीही शिकवा

आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत दुसऱ्या टप्प्यावर उमेदवाराच्या हातात एक कार्ड येतं. तयारीला एक मिनिट, बोलायला जास्तीत जास्त दोन. विषय पुष्कळदा माणसांचाच निघतो: घरातलं कुणी, जुना मित्र, शेजारी. क्लासमध्ये घोटून घेतलेला उमेदवार सुरू करतो, ‘माय फादर इज माय रोल मॉडेल. ही इज व्हेरी केअरिंग, लव्हिंग अँड सपोर्टिव्ह.’ अर्ध्या मिनिटात विशेषणांचा साठा संपतो. मग तीच विशेषणं उलट्या क्रमाने येतात.

खरं तर याच मुलाकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. बारावीनंतर कुठली शाखा घ्यायची यावरून बापलेकांचं वाजलेलं असतं, आठवडाभर अबोला झालेला असतो, ताट वाढता वाढता आईने दोघांना बोलतं केलेलं असतं. मराठीत तो हे रंगवून सांगेल. इंग्रजीत मात्र ‘वडील फार प्रेमळ आहेत’ याच्यापुढे गाडी सरकत नाही, कारण शिकवताना कुणी त्याला भांडूच दिलेलं नाही.

युरोपीय परिषदेने 2001 मध्ये भाषा शिकण्याच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या, ए1 पासून सी2 पर्यंत. मधल्या बी1 पायरीवर शिकणाऱ्याकडून अपेक्षा आहे ती ओळखीच्या विषयावर सलग बोलण्याची, अनुभव सांगण्याची, आपल्या मताला थोडक्यात कारण देण्याची. अनुभव म्हटला की क्रियापदं आली. आणि नात्यांची इंग्रजी क्रियापदं दिसायला अगदी चिल्लर असतात. कुणाशी पटतं ते ‘गेट ऑन’, बिनसतं ते ‘फॉल आउट’, गोडी होते ते ‘मेक अप’. एखाद्याला निभावून न्यायचं ते ‘पुट अप विथ’, ऐनवेळी कुणी तोंडघशी पाडलं तर ‘लेट डाउन’, मुलगी आजीच्या वळणावर गेली तर ‘टेक आफ्टर’.

यातला एकही सुटा शब्द पाचवीच्या मुलाला अवघड नाही. महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी ‘दे मेड अप’ ऐकलं की निम्म्या वर्गाला पावडर-लिपस्टिक आठवते. फुटकळ शब्द एकत्र आले की अर्थ पालटतो, हे पाठांतराने कळत नाही. गोष्ट सांगता सांगताच कळतं.

दुसरी अडचण आपल्या घरच्या इंग्रजीची. आपल्याकडे कॉलेजातल्या पोराने ‘प्रपोज केलं’ म्हणजे मनातलं बोलून दाखवलं. लंडनमध्ये तेच वाक्य म्हणजे थेट लग्नाची मागणी, आणि ऐकणारा अभिनंदन करून मोकळा होणार. ‘माय वुड-बी’ म्हणजे ठरलेला नवरा, हे भारताबाहेर फारसं कुणाला उमगत नाही. ‘आय हॅव गुड रिलेशन्स विथ माय सिस्टर’ हे वाक्य व्याकरणात बसतं, पण ऐकताना वाटतं की दोन देशांची बोलणी चालू आहेत. या जागा शिक्षकाने आवर्जून दाखवायला हव्यात. ‘कझिन ब्रदर’ला मात्र कुणी हसू नये. चुलत, मामे, आते, मावस एवढा बारकावा पाळणाऱ्या समाजाला नुसतं ‘कझिन’ अपुरं वाटणारच. नागपूर-कोल्हापुरात तो शब्द खुशाल चालू द्यावा. परीक्षेत तेवढा ‘ब्रदर’ गाळावा.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. ब्रिटनमध्ये जोडीदाराकडे राहायला जाणाऱ्याला सर्वसाधारणपणे पहिल्या अर्जासाठी ए1 पातळीचं बोलणं आणि ऐकणं सिद्ध करावं लागतं, मुदतवाढीला ए2. शिवाय नातं खरं आणि चालू आहे याची खात्री अधिकाऱ्याला पटावी लागते. तुम्ही कसे भेटलात, या साध्या प्रश्नावर ‘ही इज व्हेरी केअरिंग’ हे काही उत्तर नव्हे.

गंमत अशी की याच तरुणांना मोबाइलवरचे भारी शब्द तोंडपाठ असतात: टॉक्सिक, घोस्टिंग, गॅसलाइटिंग. यातला शेवटचा शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या 1938 सालच्या नाटकावरून आला. त्यातला नवरा बायकोला, तुझं डोकं ठिकाणावर नाही, असं पद्धतशीरपणे पटवत नेतो. मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने 2022 मध्ये तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. शब्द चांगला आहे, पण मैत्रिणीने नुसता उलटा मुद्दा मांडला तरी तिच्यावर ‘गॅसलाइटिंग’चा ठपका बसतो. साधं ‘वी डोन्ट सी आय टू आय’ माहीत असतं, तर आरोपाशिवाय काम भागलं असतं.

क्लास चालवणाऱ्यांना विशेषणांच्या याद्या सोयीच्या वाटतात. झेरॉक्स काढल्या, वाटल्या, काम संपलं. चुलत भावाशी का फाटलं हे तीस मुलांकडून वदवून घ्यायचं, तर वेळ लागतो आणि वर्गात थोडा गोंधळही होतो. तो होऊ द्यावा. इंग्रजीच्या शिक्षकांनी येत्या तासाला ‘माझे आदर्श’ हा विषय बाजूला ठेवून एवढंच विचारून पाहावं: शेवटचं भांडण कुणाशी झालं, कशावरून, आणि मिटलं कसं?