चाकाची ऋजुता

गेल्या महिन्यांत आमच्या नातवानें आपल्या जुन्या बुलेटला मागचें चाक बदलून पहिल्यापेक्षां रुंद बसविलें. बसविणाऱ्या कारागिरानें चिमट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवून चाक सरळ असल्याचा निर्वाळा दिला. परंतु पन्हाळ्याच्या घाटांत गाडी एका बाजूस ओढूं लागली आणि मुलगा कठड्यापासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला. त्या रात्रीं घरांत कोणाच्या घशाखालीं घांस उतरला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यास घेऊन शिवाजी उद्यमनगरांतील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. “गुरुजी, खुणा पाडणाराहि माणूसच,” एवढेंच ते बोलले. प्रथम त्यांनीं चिमट्याच्या सांध्यापासून आसापर्यंतचें अंतर दोहों बाजूंनीं मोजिलें. खुणा सारख्या असूनहि दीड मिलिमीटरचा फरक निघाला. तो काढतांच साखळी सरळ धांवूं लागली.

मग त्यांनीं मागील टायरच्या पाठीमागून दोरी घेऊन ती दोन्ही कडांस टेकवीत पुढील चाकाच्या पलीकडे ताणली. मागचा टायर १२० मिलिमीटर रुंद, पुढचा ९०. म्हणजे दोरी व पुढचा टायर यांत दोहोंकडे १५ मिलिमीटर जागा हवी. निघाली एकीकडे १९ व दुसरीकडे ११!

संस्कृतांत चाकाच्या मध्यास नाभि, काड्यांस अर व घेरास नेमि म्हणतात. साखळी सरळ, म्हणजे नाभि ठिकाणावर होती. नेमि मात्र ४ मिलिमीटर सरकली होती. अशा वेळीं आसावर चकत्या घालून चाकच सरकविलें, तर साखळी पुन्हां वांकडी होते. म्हणून मिस्त्रींनीं एका बाजूचे स्पोक आवळून व दुसऱ्या बाजूचे सैल करून रिमच मध्यावर आणली. शेवटीं साखळीचा ढिलेपणा व ब्रेक पुन्हां तपासले.

अशी हौस असणाऱ्या मुलांच्या पालकांस एक सूचना. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांवर निर्बंध घालतें. तें आधीं पाहावें.

उत्तर पुस्तकाशीं जुळलें कीं गणित बरोबर, असें आम्ही शाळेंत जन्मभर मानीत आलों. नातवानें परत येतांना विचारलें, “आजोबा, तुम्हीं कधीं रीत तपासली नाहीं?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं. मात्र घरीं येतांच एक मजबूत दोरी त्याच्या हत्यारांच्या पेटींत ठेवली.