लपविलेलें औषध

बारावी झाली कीं बाभुळगांवचीं मुलें पुढील शिक्षणासाठीं यवतमाळ, अमरावती, नागपूर, क्वचित् पुण्यासहि जातात. निघतेवेळीं वडीलमंडळी पैशाविषयीं, प्रकृतीविषयीं, संगतीविषयीं चार शब्द सांगतात. 'जपून रहा' या मोघम शब्दांत मात्र एक मोठा विषय गुंडाळलेला असतो आणि तो कोणीहि उलगडीत नाहीं. हा विषय एच. आय. व्ही. च्या संसर्गाचा. तो होण्यापूर्वींच घ्यावयाचें औषध आज उपलब्ध आहे, आणि त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

भारतांत या विषाणूचा प्रथम शोध १९८६ सालीं मद्रासेस लागला. तो लावणाऱ्या डॉ. सुनीति सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, तेथें स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतल्या. त्या वेळीं वैद्यांच्या हातीं उपाय नव्हता. आज नियमित औषध घेणारा रुग्ण दीर्घायुषी होतो, आणि सरकारी केंद्रांत तें विनामूल्य मिळतें. त्याच औषधांपैकीं टेनोफोव्हिर व एम्ट्रिसिटाबिन हीं दोन एका गोळींत घालून निरोगी माणसास आधींच देतां येतात. विषाणू पेशींत शिरून आपल्या प्रती काढूं लागतो. हीं द्रव्यें तेथें अगोदरच हजर असलीं म्हणजे तें काम अडतें व संसर्ग मूळ धरीत नाहीं. हिंवतापाच्या मुलखांत जाणारा मनुष्य आधींच गोळी घेतो, त्यांतलाच हा प्रकार. अमेरिकेंत प्रौढांसाठीं २०१२ सालीं व किमान ३५ किलो वजनाच्या किशोरवयीनांसाठीं २०१८ सालीं तिला मान्यता मिळाली. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेंहि २०२२ सालीं याविषयीं मार्गदर्शक सूत्रें काढलीं.

प्रत्येक मुलास ही गोळी द्यावी असें कोणीहि म्हणत नाहीं. ज्याचा धोका खरोखर मोठा, त्याच्यासाठींच ती आहे. पुरुषाविषयीं आकर्षण असलेला तरुण, तृतीयपंथी मूल, सुईनें नशा करणारा, देहविक्रयांत ओढली गेलेली मुलगी, हीं अशीं उदाहरणें होत. असलीं मुलें परक्यांच्याच घरीं असतात, हा समज मात्र सोडला पाहिजे. निसर्ग कुळ पाहून स्वभाव वांटीत नाहीं. गोळी सुरू करण्यापूर्वीं रक्त तपासून संसर्ग नसल्याची खात्री करतात, मूत्रपिंडांचीहि परीक्षा होते, आणि पुढें दर तीन महिन्यांनीं चाचणी घ्यावी लागते. इतर गुप्तरोगांपासून ती वांचवीत नाहीं; निरोधाची गरज राहतेच.

परंतु गोळीचा गुण ती नियमित घेण्यावर अवलंबून आहे. अमेरिकेंत १५ ते १७ वर्षांच्या मुलांवर केलेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, दरमहा भेट होती तोंवर सुमारें निम्म्या मुलांच्या रक्तांत औषध पुरेसें होतें; भेटी तीन महिन्यांवर गेल्या आणि वर्षाअखेर हें प्रमाण चौथाईच्याहि खालीं आलें. मुलास विचारणारें माणूस दूर गेलें कीं गोळी चुकते, हा त्याचा अर्थ. आपल्या एकत्र कुटुंबांत तर फडताळ सामाईक, आणि कोणाची कोणती गोळी हें आजीपासून धाकट्या भाच्यापर्यंत सर्वांस ठाऊक! जें औषध रोज घ्यावयाचें तेंच रोज लपवावयाचें असलें, तर तें कितीसे दिवस चालणार?

वर्षांतून दोनदांच टोंचावयाचें लेनाकापाविर हें नवें औषध येथें उपयोगी पडेल. दक्षिण आफ्रिका व युगांडा येथें १६ ते २५ वर्षांच्या २,१३४ मुलींना व तरुणींना तें दिलें असतां एकीसहि संसर्ग झाला नाहीं, असा निष्कर्ष २०२४ सालीं जाहीर झाला. तें स्वस्तांत बनविण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअरहि आहे. तथापि सुई आली म्हणून संकोच जात नाहीं. अठरा वर्षांखालील मुलाच्या चाचणीस पालकांची संमति लागते. शिवाय २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानें त्या वयांतील शरीरसंबंध हा गुन्हा असून त्याची खबर देणें डॉक्टरावरहि बंधनकारक आहे. कायद्याचा हेतु मुलांच्या रक्षणाचा. पण भ्यालेलें मूल त्यामुळें दवाखान्याची पायरी चढत नाहीं. अशा वेळीं घरचें माणूसच त्याला हात धरून नेऊं शकतें.

'औषध दिलें म्हणजे मोकळीक दिली' असा आक्षेप येईल. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, तेव्हांहि लोक हेंच म्हणत होते. आज त्या साधनांवांचून आपल्यापैकीं कोणाचा संसार चालतो? अज्ञानानें कोणी सदाचारी होत नाहीं; तो फक्त असहाय होतो.

असहायतेची किंमत केवढी, तें एका आंकड्यावरून दिसेल. अत्याचार झाला किंवा चूक घडली, तर ७२ तासांच्या आंत, जितक्या लवकर तितकें बरें, औषध सुरू करून २८ दिवस घेतल्यास संसर्ग बहुधा टळतो. अत्याचारपीडित बालकास रुग्णालयानें तत्काळ व विनामूल्य उपचार दिलेच पाहिजेत. पोलिसांच्या कागदासाठीं थांबविण्याचा अधिकार त्यास नाहीं. पण घराच्या भीतीनें मूल तीन दिवस गप्प बसलें, तर ती वेळ कोणताहि डॉक्टर परत आणूं शकत नाहीं.

म्हणून आमची विनंती एवढीच. १०९७ हा निःशुल्क दूरध्वनि-क्रमांक घरांत सर्वांस माहीत असावा. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन केंद्रांत गोष्ट गुप्त राहते, २०१७ च्या कायद्यानें तसें बंधन घातलें आहे, हेंहि सांगावें. आणि वडील माणसानें एकदां तरी स्पष्ट म्हणावें, 'कांहींहि घडलें तरी प्रथम मला सांग. रागावण्याचें मागाहून पाहूं.'