दोन ग्राफिक्स आणि एका ॲडाप्टरचा हिशेब

खेळांसाठी घेतलेल्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरचे चित्र घडवण्याचे काम बहुधा दोघांत वाटलेले असते. एक ग्राफिक्स प्रोसेसरच्या अंगातच सामावलेले व कमी वीज घेणारे असते, तर दुसरे म्हणजे स्वतःची वेगळी मेमरी बाळगणारी स्वतंत्र चिप. एनव्हिडिया कंपनीने २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ नावाने आणलेल्या तंत्रामुळे ही वाटणी आपोआप होऊ लागली. मजकूर लिहिताना किंवा चित्रपट पाहताना पहिल्यावर भागते आणि खेळ सुरू होताच दुसरे जागे होते. त्यामुळे अशा यंत्राची विजेची मागणी काही क्षणांतच वीस-पंचवीस वॉटवरून दोनशेच्या घरात जाऊ शकते, आणि ॲडाप्टर निवडताना पाहायची असते ती हीच वरची पातळी, दिवसभराची सरासरी नव्हे.

हा हिशेब कठीण नाही. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे वॉट, अर्थात दर सेकंदाला पुरवली जाणारी ऊर्जा. आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपमधली चिप यंत्राच्या रचनेनुसार ३५ ते ११५ वॉट घेते, आणि प्रोसेसरच्या वाट्याची शिल्लक वीज तिच्याकडे वळवण्याची सोय असेल तर १४० वॉटपर्यंत पोहोचते. त्यात प्रोसेसरचे ४५ वॉट आणि पडदा, पंखे, मेमरी व डिस्क यांचे मिळून वीसएक वॉट धरले, तर बेरीज दोनशेच्या पुढे जाते. आतल्या रूपांतरात होणारी तूट आणि बॅटरी भरण्याचा भार वेगळाच. अशा यंत्रांसोबत २३० वॉटचा, म्हणजे १९.५ व्होल्ट व ११.८ अँपिअरचा ॲडाप्टर का दिला जातो, हे या बेरजेवरून समजते. जिथे खरोखरच दोन स्वतंत्र चिप होत्या, तिथे ग्राफिक्सचा हा भार अधिक स्पष्ट दिसे. लेनोवोच्या २०१३ च्या वाय५१०पी या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी दुसरी ग्राफिक्स चिप बसवता येत असे आणि त्या जोडीसाठी १७० वॉटचा ॲडाप्टर लागे.

ॲडाप्टरवरचे लेबल वाचताना एक चूक वारंवार होते. ‘इनपुट’च्या ओळीत १००-२४० व्होल्ट, ३.२ अँपिअर असे काही लिहिलेले असते; त्यातील २४० आणि ३.२ यांचा गुणाकार करून ॲडाप्टर साडेसातशे वॉटचा असल्याचा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात तो प्रवाह १०० व्होल्टच्या किमान दाबासाठी नोंदवलेला असतो, आणि लॅपटॉपला मिळणारी वीज ‘आउटपुट’च्या ओळीतच पाहावी लागते. तिथला व्होल्टचा आकडा मूळ ॲडाप्टरशी जुळलाच पाहिजे; अँपिअरचा आकडा मात्र मोठा असला तरी बिघडत नाही, कारण यंत्र गरजेपुरताच प्रवाह ओढते. जास्त वॉटच्या ॲडाप्टरने लॅपटॉप जळतो, हा समज म्हणूनच निराधार आहे.

कमी वॉटच्या ॲडाप्टरने मात्र लॅपटॉप जळतही नाही आणि बंदही पडत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. अनेक कंपन्यांच्या जोडणीत वीज वाहणाऱ्या तारांखेरीज ओळख पटवणारी एक जादा पिन असते. डेल व एचपी यांच्या गोल पिनांच्या मधोमध ती दिसते. या मार्गाने लॅपटॉपला ॲडाप्टरची क्षमता कळते, आणि ती अपुरी असली किंवा ओळखच पटली नाही, तर यंत्र प्रोसेसरचा वेग उतरवते आणि काही वेळा बॅटरी भरणेही थांबवते. ओळख पटूनही वीज थोडी कमी पडत असेल, तर काही यंत्रे ती तूट बॅटरीतून भरून काढतात. मग खेळ सुरळीत चालतो, पण प्लग लावलेला असूनही बॅटरीचा टक्का घसरत राहतो, आणि तो पुरेसा खाली आला की चित्र अडखळू लागते. वापरणारा दोष देतो तो खेळाला, विंडोजला किंवा चिपला. पिन बसली आणि दिवा लागला एवढ्यावर चार्जर चालतो असे ठरवणे या यंत्रांच्या बाबतीत म्हणूनच पुरेसे नाही.

नवी मुंबईतील तुर्भ्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याला मूळ ॲडाप्टर बिघडल्यावर दुसरा मिळवणे अवघड नाही. वाशीची दुकाने जवळ आहेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आहेच. तिथे मिळणाऱ्या पर्यायी मालातही चांगला माल असतो, पण लेबलवरचे वॉट आणि प्रत्यक्षात मिळणारे वॉट यांत गोणीवर छापलेल्या आणि काट्यावर भरणाऱ्या वजनाइतका फरक निघू शकतो. २०१२ च्या आदेशाने सुरू झालेल्या भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेत पुढे हे ॲडाप्टरही आले, त्यामुळे लेबलवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो पडताळता येतो. ही नोंदणी मुख्यतः सुरक्षिततेची असते. ॲडाप्टर विशिष्ट लॅपटॉपला पुरेल याची हमी तीत नाही.

यूएसबी-सीचा पर्याय अलीकडे मोहात पाडतो. त्याच्या वीजपुरवठ्याची मर्यादा पूर्वी १०० वॉट होती, ती २०२१ च्या सुधारित मानकाने ४८ व्होल्ट व ५ अँपिअर, म्हणजे २४० वॉटपर्यंत वाढली. तरीही खेळांचे अनेक लॅपटॉप त्या खाचेतून १०० किंवा १४० वॉटच स्वीकारतात, आणि चार्जर कितीही मोठा घेतला तरी खाचेची मर्यादा बदलत नाही. प्रवासात लेखनापुरता तो उत्तम.

उष्णतेचा विचार वेगळा करावा लागतो. ॲडाप्टरची पूर्ण क्षमता साधारणतः ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत गृहीत धरलेली असते. ठाणे खाडीलगतच्या या पट्ट्यात मे महिन्याच्या दुपारी, बंद खोलीत आणि त्यातही गादीवर ठेवलेला ॲडाप्टर ती मर्यादा सहज ओलांडतो, आणि मग त्यातील संरक्षक मंडल पुरवठा तोडते. यासाठी मूळ ॲडाप्टरपेक्षा एक पायरी वरचा, १८० ऐवजी २३० वॉटचा, त्याच कंपनीचा व त्याच जोडणीचा घेणे इथे शहाणपणाचे ठरते. महावितरणचा पुरवठा गेल्यावर घरचा इन्व्हर्टर वापरायचा असेल, तर असा ॲडाप्टर पूर्ण भारावर भिंतीतून अडीचशेहून अधिक वॉट ओढतो, हेही धरावे लागते. खरेदीनंतरची चाचणी सोपी आहे. बॅटरी पूर्ण भरून सर्वांत जड खेळ अर्धा तास चालवावा आणि शेवटी टक्का किती उरला ते पाहावे. तो नव्वदच्या खाली गेला असेल, तर दुकानाची पावती अजून हाती असताना परत जाणे इष्ट.